अंगावर पिणारी पिल्ले

गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आलेल्या मंडळींपैकी एका काकूंनी दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीत डोकावून पाहिले आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, ती बारीक पिल्ले आधी बाहेर काढा! मोठे मासे खाऊन टाकतील त्यांना." बशीएवढे दोन मासे आणि त्यांच्या अंगाला चिकटून टोचा मारणारी मोहरीएवढी शंभरेक पिल्ले, असे ते दृश्य होते. मी म्हटले, "काढली तर मरतील. ती अंगावर पितात." काकूंना वाटले मी थट्टा करतो आहे.

पण काकूंची समजूत काही अडाणी नव्हती. १९५० च्या दशकापर्यंत भलेभले मत्स्यपालक तेच समजत होते, ही पिल्ले आईबापांपासून वेगळी काढत होते, आणि ती उपाशी मरत होती. या माशाचे नाव डिस्कस. तो पाळायला माणूस कसा शिकला, ही हकीकत बऱ्याच अंशी माणसाच्या चुकांचीच आहे.

थाळीसारखा गोल आणि चपटा असा हा मासा मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. युरोपच्या विद्वानांची आणि त्याची पहिली गाठ पडली ती तो मेल्यावर. ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना हिचे पोर्तुगालच्या युवराजाशी लग्न झाले, तेव्हा १८१७ साली शास्त्रज्ञांची एक तुकडी ब्राझीलला गेली. बाकीचे यथावकाश परतले. योहान नाटरर नावाचा गृहस्थ मात्र अठरा वर्षे तिथल्या रानांतून आणि नद्यांतून हिंडत राहिला. त्याने जमवलेल्या नमुन्यांवरून योहान याकोब हेकेल याने १८४० साली व्हिएन्नात बसून या माशाचे वर्णन छापले व त्याला 'सिम्फिसोडॉन डिस्कस' असे नाव दिले. हेकेलने ना ब्राझील पाहिले होते, ना जिवंत डिस्कस. पुढे १९०४ साली पॅरिसच्या जाक पेलेग्रँने दुसरा एक प्रकार नोंदवला. तोही संग्रहालयातल्या नमुन्यांवरूनच.

बरणीतल्या माशावरून खवले मोजता येतात, पाणी कळत नाही. हेकेलचा मासा ज्या रिओ नेग्रोतला, त्या नदीचे नावच मुळी काळी नदी. कुजलेल्या पानांच्या अर्काने तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर ते चार-पाचच्या आसपास भरते, म्हणजे सातवर असणाऱ्या शुद्ध पाण्यापेक्षा शंभर ते हजार पट आम्ल. त्याला ऊब अठ्ठावीस-तीस अंश सेल्सियसची. अशा आम्ल, निःसत्त्व पाण्यात जंतूही फारसे वाढत नाहीत. अशा सोवळ्यात वाढलेला जीव शहरातल्या नळाच्या पाण्यात टाकला तर काय होईल, हे आज सांगावे लागत नाही. १९३० च्या दशकात जिवंत डिस्कस जर्मनीत आणि अमेरिकेत येऊ लागले तेव्हा मात्र ते कोणाच्या ध्यानात नव्हते. मासे बोटीने यायचे, अर्धे वाटेतच जायचे, उरलेले कोपऱ्यात काळे पडून उभे राहायचे. महाग मासा, नाजूक मासा, अशी ख्याती झाली, आणि दोष पाण्याचा असला तरी नाव माशाच्या प्रकृतीचे होत राहिले.

जे थोडे जगले त्यांनी अंडी घातली, आणि मग दुसरी चूक झाली. त्या वेळी एंजलफिश हा डिस्कसचा भाऊबंद घरोघर वाढवला जाई. काचपेटीत एंजलफिश आपलीच अंडी खातो, म्हणून अंडी चिकटलेली पाटी उचलायची, वेगळ्या बरणीत ठेवायची, बुरशी येऊ नये म्हणून पाण्यात निळे औषध घालायचे आणि पिल्ले पोहू लागली की त्यांना आर्टेमियाची नुकती फुटलेली पोरे खाऊ घालायची, अशी रीत होती. तीच डिस्कसला लावली गेली. अंडी व्यवस्थित फुटत. दोन-तीन दिवसांनी पिल्ले पोहू लागत. समोर अन्न असे, पण ती तोंड लावत नसत. आठवडाभरात बरणी रिकामी. हे वर्षानुवर्षे चालले. तुरळक कोणाला यश आले असेल तर बहुधा त्याने आळसाने अंडी जागेवरच राहू दिली म्हणून!

याचा छडा शास्त्रीय रीतीने लावून छापला तो विल्यम हिल्डेमन यांनी, १९५९ साली, 'द अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात. हिल्डेमन हे कॅलिफोर्नियातले रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक. गोल्डफिशचे खवले एका माशावरून दुसऱ्यावर कलम करून शरीर परके ते कसे ओळखते, हे ते तपासत असत. माशाच्या कातडीकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना होतीच. त्यांनी अंडी हलवली नाहीत, पाहात राहिले. पिल्ले पोहू लागली की सरळ आईबापांच्या अंगाकडे जातात आणि कातडीवरचा बुळबुळीत स्राव टोचून खातात, हे त्यांनी लिहिले. विशेष म्हणजे हे काम नर आणि मादी दोघेही करतात. एकाच्या अंगावर पिल्ले काही मिनिटे चरली की तो अंगाला असा झटका देतो की सारी फौज जोडीदाराच्या अंगावर जाते. मराठीत आपण 'अंगावर पाजणे' म्हणतो, ते इथे अक्षरशः लागू पडते. इतकी वर्षे ज्यांना खुनी समजून दूर केले, तेच अन्न होते.

अशा रीतीचा थोडा अंश आपल्याकडेही सापडतो. दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांत एट्रोप्लस मॅक्युलेटस नावाचा एक छोटा केशरी-पिवळा मासा आहे, गोव्याच्या कालुंदराचा धाकटा भाऊ. त्याची पिल्लेही आईबापांच्या अंगावर टोचा मारतात. पण त्यांचे त्यावाचून अडत नाही. डिस्कसच्या पिल्लांचे पहिले चार-पाच दिवस अडते.

हिल्डेमनच्या लेखानंतर गाडी रुळावर आली. जर्मनीत बाड होम्बुर्गचे डॉक्टर एडुआर्ड श्मिट-फोके आणि फ्लोरिडात जॅक वॅटली यांनी निवडक जोड्या लावून निळे, फिरोजी असे रंग स्थिर केले. वॅटलींनी तर आणखी एक पाऊल टाकले. आईबापांविना पिल्ले वाढवता येतात हे त्यांनी सिद्ध केले. उथळ भांड्याच्या कडेला अंड्याच्या पिवळ्या बलकाचा लेप लावायचा, पिल्ले तो अंग समजून चाटतात, आणि दिवसातून अनेकदा सगळे पाणी बदलायचे, कारण बलक पटकन नासतो. ही युक्ती मोठी खरीच, पण ती करणाऱ्याला रात्री झोप नाही. घरात तान्हे मूल असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

मग धंदा आशियात आला. बँकॉक, पिनांग, हाँगकाँग इथे डिस्कसची पैदास हजारांनी होऊ लागली. १९९० च्या सुमारास थायलंडमध्ये 'पिजन ब्लड' नावाचा मासा निघाला, पांढुरक्या अंगावर नारिंगी-लाल नक्षी. बाजार वेडा झाला. मला स्वतःला तो कधी आवडला नाही, पण ते सोडा. मुद्दा निराळा आहे. रानटी डिस्कस पिल्लांच्या वेळी गडद होतो, आणि पिल्ले गडद रंगाकडेच ओढली जातात. पिजन ब्लडला गडद होता येत नाही. त्यामुळे त्याची पिल्ले आईबाप समोर असूनही त्यांच्याकडे न जाता पेटीतल्या काळ्या वस्तूंकडे, गाळणीच्या स्पंजाकडे जमतात, हा अनुभव पैदास करणाऱ्या पुष्कळांचा आहे. मग उपाय म्हणून एक गडद दाई-मासा द्यावा लागतो.

मोठ्या प्रमाणावर मासे फिरू लागले तसे रोगही फिरले. १९८० च्या दशकात 'डिस्कस प्लेग' म्हणून जी साथ आली, तिने देशोदेशीच्या पेट्या रिकाम्या केल्या. मासे काळे पडत, अंगावर चिकटा दाटे, सगळे कोपऱ्यात डोके खुपसून बसत. जाळे, ओला हात, पाण्याचे थेंब, एवढ्यावरही ती पसरे. नवा मासा चार-सहा आठवडे वेगळा ठेवायचा, त्याचे जाळेसुद्धा वेगळे, ही शिस्त अनेकांना तेव्हा लागली. दुसरा जुना शत्रू म्हणजे डोक्याला खड्डे पडणे. एंजलफिशच्या पोटातल्या एका सूक्ष्म परोपजीवीचे १९९५ साली 'स्पायरोन्यूक्लियस व्हॉर्टेन्स' असे नामकरण झाले, आणि २००१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्याचा या खड्ड्यांशी संबंध जोडला. औषध कोणते? मेट्रोनिडाझोल! भारतात पोट बिघडले की 'फ्लॅजिल' म्हणून घरोघर घेतले जाते, तेच. मात्र आईने बॅगेत घालून दिलेल्या गोळ्या परस्पर पेटीत टाकू नयेत. मात्रा पाण्याच्या मापावर ठरते, आणि जाणत्याला विचारलेले बरे.

खरे सांगायचे तर औषधांची पाळी पाणी बिघडल्यावर येते. डिस्कसचे पाणी लवकर बिघडते, कारण ते गरम असते आणि खाणे मांसाचे. बैलाचे हृदय वाटून घालायची पद्धत जर्मनीत आणि अमेरिकेत रूढ झाली. आमच्या घरी ते चालणार नव्हते, म्हणून मी कोळंबी आणि मासळी वाटून घालतो. माशांनी तक्रार केलेली नाही. उरलेसुरले कुजते, त्याचा अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू गाळणीत राहतात. त्यातला नायट्राइट संपवणारा जिवाणू नायट्रोबॅक्टर, असे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापले गेले. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या पेट्या तपासल्या, तर हे काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करताना आढळले.

पाणी बदलावे म्हटले तर नळ आहेच, पण नळही बदलला. जुन्या पुस्तकांचा सल्ला असा की बादली रात्रभर उघडी ठेवा, क्लोरीन उडून जाईल. तो एके काळी बरोबर होता. पाण्यातल्या सेंद्रिय कणांशी क्लोरीनचा संयोग होऊन घातक द्रव्ये बनतात असे आढळल्यावर अमेरिकेने १९७९ साली त्यांच्यावर मर्यादा घातली, आणि एकेक शहर क्लोरीनऐवजी क्लोरामाइनकडे वळले. वॉशिंग्टन नोव्हेंबर २००० मध्ये, सॅन फ्रान्सिस्को फेब्रुवारी २००४ मध्ये. (वॉशिंग्टनमध्ये या बदलाने जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले, त्याचा बोभाटा २००४ साली झाला.) क्लोरामाइन रात्रभरात उडत नाही. शहर असा बदल करते तेव्हा सूचना निघते ती मुख्यतः दोघांसाठी, डायलिसिसचे रुग्ण आणि मासे पाळणारे. प्यायलेले क्लोरामाइन पोटात निष्प्रभ होते. डायलिसिसच्या यंत्रात आणि माशाच्या कल्ल्यात मात्र पाणी व रक्त यांमध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. थायोसल्फेटचे थेंब टाकले की क्लोरामाइन फुटते, पण मागे अमोनिया उरतो. पाणी आम्ल असेल तर तो निरुपद्रवी रूपात राहतो, अल्कधर्मी असेल तर विषारी. म्हणजे ज्या शहराचे पाणी जड, तिथे धोका दुप्पट. आपल्या गावचे पाणी खाते दरवर्षी पाण्याचा अहवाल काढते. मासे आणण्याआधी तो मागवून वाचावा. दुकानदार हे सांगत नाही.

हिल्डेमनने पाहिलेल्या त्या स्रावात असते तरी काय, याचे नेटके उत्तर २०१० साली मिळाले. प्लिमथ विद्यापीठाचे जोनाथन बकली आणि त्यांच्याबरोबर कॅथरिन स्लोमन यांनी मनाउसच्या संशोधन संस्थेचे आदाल्बर्तो व्हाल यांच्यासह डिस्कसच्या अंगावरचा स्राव तपासला. अंडी घातली की त्यातली प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात, नरात आणि मादीतही. शिवाय पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना सतत जवळ ठेवतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र ते थोडा थोडा वेळ पिल्लांना सोडून दूर पोहू लागतात, आणि पिल्ले इतर अन्न शोधू लागतात.

आमच्या पेटीतली पिल्ले आज अठरा दिवसांची आहेत. परवापासून नर सकाळी गाळणीच्या मागे जाऊन एकटा उभा राहतो. पिल्ले थोडा वेळ मागे जातात, मग परततात. मी आर्टेमियाची दुसरी बाटली लावली आहे, आणि काकूंना रविवारी पुन्हा जेवायला बोलावले आहे.