खालच्या जबड्यातील रुतलेले अतिरिक्त दात : शस्त्रक्रिया

कायमच्या ३२ दातांखेरीज तयार झालेला दात तो अतिरिक्त दात. तो हिरडीबाहेर न येता हाडातच राहिला, तर त्याला रुतलेला म्हणतात. अक्कलदाढही रुतते, पण ती ३२ मधलीच असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. अतिरिक्त दात बहुधा वरच्या जबड्यात, समोरच्या दोन दातांच्या मध्ये सापडतात. खालच्या जबड्यात मात्र ते मुख्यतः उपदाढांच्या भागात असतात आणि मूळ उपदाढांनंतर कित्येक वर्षांनी तयार होतात. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्यांचे प्रमाण जास्त आहे.

एकाच वेळी अनेक अतिरिक्त दात दिसले, तर दंतवैद्याने तोंडापलीकडे पाहावे. गळ्याजवळची हासळीची हाडे अपुरी असणाऱ्या आनुवंशिक विकारात ते आढळतात. मोठ्या आतड्यात गाठी होणाऱ्या गार्डनर विकारातही आढळतात, आणि त्या गाठी पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतात.

बहुतेकदा काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात) दात दिसतो. दिसला म्हणून काढलाच पाहिजे, असे नाही. शेजारच्या दाताची वाट अडणे, त्याचे मूळ झिजणे, दाताभोवती द्रवाची पिशवी धरणे, दात सरळ करण्याच्या उपचारात अडथळा येणे ही काढण्याची सबळ कारणे. एरवी अधूनमधून चित्र काढून लक्ष ठेवणे पुरते.

खरी अडचण जागेची. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी चेतातंतूची नळी उपदाढांच्या मुळांजवळच उघडते. तिथून निघणारी शाखा खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. दात गालाकडे आहे की जिभेकडे, हे साध्या चित्रात कळत नाही. म्हणून सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र काढतात आणि हिरडी कोणत्या बाजूने उघडायची ते ठरवतात. शस्त्रक्रिया सहसा जागेवर भूल देऊन होते. हिरडीचा पडदा उचलतात, ओठाकडे जाणारा चेतातंतू जपतात, सलाइनची धार सोडत हाड कोरतात. दात अखंड ओढण्यापेक्षा त्याचे तुकडे करून काढतात, कारण त्यामुळे हाड कमी कापावे लागते. दाताभोवतीचे आवरणही खरवडतात. ते मागे राहिले तर पुन्हा पिशवी होऊ शकते. शेवटी टाके घालतात.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग ओसरते. पहिल्या दिवशी चूळ भरणे, थुंकणे, स्ट्रॉने पिणे टाळायचे, म्हणजे जखमेतली गुठळी टिकते. तंबाखू आणि मिश्री जखम भरेपर्यंत बंद. चेतातंतू दुखावल्याने आलेली ओठाची बधिरता बहुधा तात्पुरती असते, पण क्वचित कायम राहते. हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

शेकडो दात काढल्याचे वृत्तपत्रांतले मोठे आकडे वेगळ्या रोगाचे असतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २०१४ मध्ये एका किशोराच्या खालच्या जबड्यातून २३२, तर चेन्नईत २०१९ मध्ये सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात काढले गेले. दोन्ही ठिकाणी निघाली ती ओडोन्टोमा, म्हणजे दातासारख्या असंख्य कणांनी भरलेली निरुपद्रवी गाठ. ती पूर्ण काढली की सहसा परतत नाही. अतिरिक्त उपदाढा मात्र काढल्यानंतरही नव्याने तयार होऊ शकतात, म्हणून वाढत्या वयात ओपीजी पुन्हा काढावी लागते.