मांजरेपलीकडची मुदत : गाडीच्या 'पासिंग'चा इतिहास

१/ बिलोलीहून निघालेली गाडी येसगीजवळ मांजरा ओलांडते आणि थोड्याच वेळात बोधनच्या रस्त्याला लागते. राज्य बदलते, पाट्यांवरची लिपी बदलते. गाडीची कागदपत्रे मात्र तीच राहतात. ती पलीकडे ग्राह्य का धरली जातात? आणि गाडी परमुलखात असताना त्यांची मुदत संपली तर? या दोन प्रश्नांचा इतिहास पाहू.

२/ मांजरा पूर्वी अशी सीमा नव्हती. बिलोली नांदेड जिल्ह्यात, बोधन निजामाबाद जिल्ह्यात. पण दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानातलेच. १९३२ साली निजाम राज्य रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. १९३७ साली बोधनला निजाम साखर कारखाना स्थापन झाला. नदीच्या दोन्ही काठांवर सत्ता एकच होती.

३/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, निजामाबाद आंध्र प्रदेशात गेला. रस्ता तोच राहिला, परंतु एका काठावरच्या वाहनाची नोंद एका राज्याकडे आणि दुसऱ्या काठावरच्या वाहनाची दुसऱ्या राज्याकडे, अशी विभागणी झाली.

४/ हा पेच जगाला नवा नव्हता. युरोपात मोटारी सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा १९०९ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे सूत्र असे : वाहनाची तपासणी मायदेशी व्हावी आणि तिचा दाखला इतर सदस्य देशांनी मानावा. त्या दाखल्याची मुदत होती १ वर्ष. म्हणजे विश्वास सीमेपार गेला, पण मुदतीसह गेला.

५/ ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४च्या कायद्याने वाहननोंदणी व चालक परवान्याची चौकट आखली. १९३९च्या कायद्याने प्रवासी व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक केले. ते नसेल तर वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नसे. ट्रकवाल्यांच्या बोलीत यालाच 'पासिंग' म्हणतात.

६/ १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि ट्रक अनेक राज्यांतून आठवडेच्या आठवडे फिरू लागले. मग पासिंगची तारीख वाटेतच उलटली तर? राज्यांच्या मोटार नियमांत यावर एक तोडगा आढळतो. बिघाडासारख्या कारणाने गाडी बाहेर अडकून मुदत संपली, तर तेथील मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहून, ती सुस्थितीत असल्यास, परत जाण्यापुरती मुभा देऊ शकतो. मुभा केवळ परतीची असते, धंद्याची नव्हे.

७/ १९८८चा कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला. त्याचे कलम ५६ सांगते की, योग्यता प्रमाणपत्र अमलात असेपर्यंत संपूर्ण भारतात वैध आहे. याच कलमानुसार, वाहन निकषांत बसत नसल्याचे आढळल्यास मुदतीआधीही ते रद्द होऊ शकते. केंद्रीय नियमांनी २०१८पर्यंत नव्या व्यावसायिक वाहनाला आरंभी २ वर्षांची आणि पुढे दर वर्षाची मुदत ठेवली होती.

८/ खासगी मोटारीची गोष्ट वेगळी. तिची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मधल्या काळात होते ती धूरतपासणी, म्हणजे पीयूसी; तीत ब्रेक पाहिले जात नाहीत. नोकरीनिमित्त हैदराबादला गेलेल्या बिलोलीकराची 'एमएच २६' गाडी तेथे १२ महिन्यांपेक्षा अधिक राहिली, तर कलम ४७ नव्या क्रमांकाची अपेक्षा करते.

९/ नूतनीकरणाबाबत १९८९च्या नियम ५२ मधील शब्दयोजना बोलकी आहे. अर्ज करायचा तो, वाहन ज्याच्या हद्दीत आहे त्या नोंदणी अधिकाऱ्याकडे. तोही मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत. मालक कोठे आहे, याला येथे महत्त्व नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने तारीख आधी पाहावी, ती यासाठीच.

१०/ २०२० साली हीच व्यवस्था कसोटीला लागली. टाळेबंदीत हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले. पंजाब सरकारने त्यांच्यासाठी बसगाड्या पाठवल्या. देशभर वाहने जागच्या जागी उभी होती आणि कार्यालये बंद. ३० मार्च २०२० रोजी केंद्राने १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेली कागदपत्रे ३० जूनपर्यंत वैध मानण्याची सूचना दिली. ही सवलत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१पर्यंत पोहोचली.

११/ त्या काळात कागद वैध राहिले, पण त्यांमागची तपासणी झालेली नव्हती. मुदत आदेशाने वाढते. झिजलेला टायर आणि सैल ब्रेक आदेश वाचत नाहीत.

१२/ १९०९ ते आजपर्यंत 'हा दाखला कोठे चालेल?' या प्रश्नाचे उत्तर विस्तारत गेले. 'कधीपर्यंत?' हा प्रश्न मात्र तितकाच कठोर राहिला. प्रवासी बहुधा पहिल्या उत्तरावर विसंबून दुसरा प्रश्न विसरतो. मांजरेच्या पुलावर कागद अडत नाही. अडते ती त्यावरची तारीख.

#इतिहास #मराठवाडा #बिलोली