चाप एकदा, गोळ्या अनेक : एका व्याख्येची नव्वद वर्षं

आज आपण अमेरिकेतल्या एका साध्या दिसणाऱ्या उपकरणाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव बंप स्टॉक. पण आपला खरा विषय आहे कायद्यातली व्याख्या. कायदा नेमकं काय मोजतो, यावर पुढे किती गोष्टी ठरतात, ते या इतिहासात स्पष्ट दिसतं.

सुरुवात १९३४ पासून करू. दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांच्या हाती टॉमी गन आल्या होत्या. त्या पार्श्वभूमीवर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. त्यात मशीनगन कशाला म्हटलं? चापाच्या एकाच क्रियेत आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडते ती. सरसकट बंदी नव्हती; नोंदणी आणि २०० डॉलरचा कर होता. १९८६ मध्ये सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगन बंद झाल्या. व्याख्येचा गाभा मात्र तोच राहिला.

आता बंप स्टॉक काय करतो, बघा. अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. तिचा नेहमीचा दस्ता काढून हा सरकता दस्ता बसवतात. गोळी सुटली की धक्क्याने बंदूक मागे येते, दुसरा हात तिला पुढे रेटत राहतो. बोट जागेवर स्थिर, आणि चापच येऊन त्यावर पुन्हा पुन्हा आपटतो. म्हणजे चाप प्रत्येक गोळीला वेगळा दाबला जातो, पण वेग मशीनगनच्या जवळ जातो. म्हणूनच संबंधित केंद्रीय खात्याने अशी कित्येक उपकरणं पूर्वी कायदेशीर ठरवली होती.

१ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर गोळीबार झाला. साधारण दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या. पुढे जखमांनी दगावलेल्यांसह मृतांचा आकडा ६० झाला. हल्लेखोराच्या रायफलींना बंप स्टॉक होते.

इथे राज्यं पुढे आली. कॅलिफोर्नियात अशा उपकरणांवर आधीपासूनच बंदी होती. मॅसॅच्युसेट्सने महिन्याभरातच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, कायदा केला. मार्च २०१८ मध्ये फ्लोरिडाने केला. पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यानंतरचा हा कायदा. तिथे बंप स्टॉक वापरला नव्हता, तरी रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. ज्या नेवाडात लास वेगास आहे, तिथे २०१९ मध्ये बंदी आली.

फ्लोरिडाची व्याख्या आपण नीट पाहू. उपकरणाच्या मदतीशिवाय माणसाला जितक्या वेगाने गोळ्या झाडता येतील, त्याहून अधिक वेग देणारं साधन, असा तिचा आशय आहे. १९३४ चा कायदा चापाची क्रिया मोजतो. हा कायदा परिणाम मोजतो, वेग मोजतो. फरक एवढाच, पण सगळं त्यावर फिरतं.

दरम्यान ट्रम्प प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढून बंप स्टॉकला मशीनगन ठरवलं. टेक्सासमधल्या एका बंदूक-विक्रेत्याने त्याला आव्हान दिलं. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. न्यायमूर्ती थॉमस यांचं म्हणणं : प्रत्येक गोळीला चापाची वेगळी क्रिया होते, म्हणून ही मशीनगन नव्हे. सोटोमायोर यांनी असहमती नोंदवली : नेमबाज चाप एकदाच ओढतो आणि गोळ्या सुटत राहतात, मग ती मशीनगनच.

आता कळीचा मुद्दा. न्यायालयाने शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्कावर निर्णय दिलाच नाही. प्रश्न फक्त केंद्रीय कायद्यातल्या शब्दांचा होता. त्यामुळे राज्यांचे कायदे या निकालाने पडले नाहीत. बंदी घालायचीच असेल तर काँग्रेसने कायदा बदलावा, असं न्यायमूर्ती अलिटो यांनीही लिहिलं. खात्याने जुन्या शब्दांचा अर्थ ताणू नये, हा नियमाच्या विरोधकांचा युक्तिवाद आपण हलक्यात घेऊ नये. पण राज्यांच्या विधिमंडळांनी तर नेमकं तेच केलं होतं : शब्द ताणले नाहीत, नवे लिहिले.

अर्थात राज्याचा कायदा राज्याच्या सीमेपर्यंतच चालतो. शेजारच्या राज्यात बंदी नसेल, तर तिथे हेच उपकरण उघड विकता येतं. साठ माणसं गेल्यानंतरही देशभराचा प्रश्न १९३४ च्या त्या एका वाक्यापाशीच येऊन थांबला, हे आपण लक्षात ठेवू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.