इजिप्त किती दूर? कल्याण बंदर, मोसमी वारे आणि ९४ दिवसांचा हिशेब

मुंबई ते कैरो हे हवाई अंतर सुमारे ४,३५० किलोमीटर. थेट विमानाने साधारण सहा तास. (डोंबिवलीकराचे शिळफाट्याच्या कोंडीत जाणारे तास यात धरलेले नाहीत!) ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनसाठी पहिल्यांदा मुंबईहून उडाले, तेव्हा त्याच्या वाटेतला पहिला थांबाही कैरोच होता.

मात्र कल्याणची इजिप्तशी ओळख विमानांहून फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक जहाजे तांबडा समुद्र ओलांडून या किनाऱ्याला येत.

त्या प्रवासाला किती वेळ लागे? रोमन ग्रंथकार प्लिनी याने केरळातील मुझिरिस बंदरापर्यंतचा हिशेब दिला आहे. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने कॉप्टोसपर्यंत १२ दिवस. पुढे उंटांच्या तांड्याने वाळवंट ओलांडून बेरेनिकेपर्यंत १२ दिवस. उन्हामुळे बरीच वाटचाल रात्री होई. बेरेनिकेहून तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या ओकेलिसपर्यंत सुमारे ३०, आणि तेथून खुल्या समुद्रातून ४० दिवस. एकूण ९४.

परंतु हा केवळ जाण्याचा काळ. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जहाज भारताकडे आणी. परतीसाठी डिसेंबर-जानेवारीतील ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. अंतर तेच, पण वारा फिरेपर्यंत परतीची वाटच बंद. एका फेरीत जवळजवळ वर्ष सरे.

एवढे करून कल्याण गाठले, तरी माल उतरेलच याची शाश्वती नव्हती. ‘पेरिप्लस’ या त्याच शतकातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंद आहे की, थोरल्या सारगनसच्या काळात (बहुधा एखादा सातवाहन सातकर्णी) कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती; पण पुढे सत्ता बदलली आणि बंदराची कोंडी झाली. तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बरिगाझाला, म्हणजे भडोचला नेली जात. भडोच कल्याणच्या उत्तरेस सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर! सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाची झळ अशी थेट व्यापाऱ्याच्या गाठोड्याला बसे. २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांनाही असाच वळसा पडला होता.

या कोंडीने कल्याण संपले मात्र नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘कलियण’च्या व्यापाऱ्यांची, सोनारांची आणि लोहारांची दाने कोरलेली आहेत, त्यांत पाण्याच्या पोढ्याही आहेत. सहाव्या शतकात कॉसमस हा अलेक्झांड्रियाचा प्रवासी भारतातील मोठ्या व्यापारी ठिकाणांत पुन्हा कल्याणचे नाव घेतो. तेथून तांबे आणि कापड बाहेर जाते, असे तो लिहितो.