बेडकाच्या पोटातले बिऱ्हाड

मृगाचा पाऊस पडला की विहिरीकाठी डराव डराव सुरू होते. आवाज एका बेडकाचा, पण राहणारे अनेक! त्याच्या आतड्यात, फुप्फुसात, मूत्राशयात पानासारखे चपटे जंत बिऱ्हाड करून असतात.

आपल्याकडच्या साध्या बेडकातला असा एक जंत मेहरा आणि नेगी यांनी १९२६ साली वर्णिला, दुसरा १९२८ साली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ निघाले. तिथे प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जंतांचा अभ्यास रुजवला. त्यांचा भर पट्टकृमींवर, म्हणजे फितीसारख्या जंतांवर होता. बेडूक मात्र कॉलेजातल्या प्रत्येक टेबलावर असायचाच. त्याचे पोट फाडले की जंत आयते दिसत. पदवी आणि पदव्युत्तर वर्गातली ही चिरफाड विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली थांबवली. बरेच झाले म्हणायचे.

आता हा जंत आत शिरतो कसा? मेंढीच्या काळजातल्या चपट्या जंताचे कोडे १८८१ ते १८८३ या काळात सुटले. लेंडीतून अंडी पाण्यात, तिथून पिल्लू गोगलगाईत, तिच्यातून गवतावर आणि गवतातून पुन्हा मेंढीत! बेडकाचे पुष्कळसे जंतही गोगलगाईतूनच येतात. मध्ये एखादा पाणकिडा असतो, तो बेडूक गिळतो. युरोपातल्या बेडकाच्या मूत्राशयातला एक जंत मात्र गोगलगाईला विचारतच नाही. बेडूक अंडी घालायला पाण्यात उतरला की हाही तेव्हाच अंडी घालतो. पिल्ले निघतात ती भैकेरांच्या कल्ल्यांना चिकटायला. वेळ कशी साधतो पाहा!

हा नुसता बेडकाचा प्रश्न नाही. माणसाच्या रक्तात राहणारा, लघवीतून रक्त पाडणारा चपटा जंत इजिप्तकडचा मानला जाई. तोही गोगलगाईतून पसरतो, हे लायपर यांनी तिथे १९१५ साली दाखवले. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी असेच रोगी असल्याचे जाहीर केले. या गावकऱ्यांना तो रोग गावातच जडला होता. हा जंत अन्नातून येत नाही. पाण्यात उभे राहिले तरी कातडीतून आत शिरतो. मग शोध सुरू झाला गोगलगाईचा. संशय गेला तो पाण्यातल्या एका इवल्याशा गोगलगाईवर, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.