जीप की जोंगा? डांबरी रस्त्यावरचा जुना वाद

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या शौकिनांत एक वाद हमखास रंगतो. महिंद्राची जुनी जीप घ्यावी की जबलपूरची जोंगा? वाद घालणारे बोलतात चिखलाबद्दल, नदीच्या पात्राबद्दल, कातळावरच्या चढाबद्दल. गाडी दारात आली की मात्र ती रविवारी सकाळी बाहेर पडते आणि महामार्गावर मिसळ खाऊन दुपारच्या आत परतते. म्हणजे प्रश्न खरा डांबराचा आहे. त्याचे उत्तर इंजिनाच्या आकारापेक्षा या गाड्या कोणी, कोणासाठी बनवल्या यात जास्त सापडते.

जीपचा जन्म घाईतला. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला, पण मोठे काम विलीज आणि फोर्ड यांच्या पदरात पडले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

युद्ध संपले त्याच वर्षी ऑक्टोबरात के. सी. आणि जे. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम महंमद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ची ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजचे सुटे भाग जहाजाने मुंबईत उतरत आणि माझगावात त्यांची जीप होई. पुढे आपल्याकडे रुळली ती सीजे-3बी. 1953 च्या या मॉडेलमध्ये विलीजने इनटेक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नेले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही वर उचलावे लागले. तहसीलदाराच्या, साखर कारखान्याच्या, प्रचारातल्या पुढाऱ्याच्या जीपचे ते उंच कपाळ इथून आले. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये बंद पडले. इथे तोच चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिला.

जोंगाची कुंडली जपानची. तिचे मूळ निसानची पेट्रोल. (हे गाडीचे नाव आहे, इंधनाचे नव्हे, पण इंधनही तिला तेच लागे.) 1951 मध्ये निसानने पहिली पेट्रोल बनवली तेव्हा जपानी राखीव पोलीस दलाच्या मागणीवर कंपनीचा डोळा होता. तिथे बाजी मारली ती मित्सुबिशीने, आणि तीही विलीजच्या परवान्यावर जोडलेल्या जीपच्या जोरावर. म्हणजे जीप आणि जोंगा यांची गाठ भारतात पडण्याआधी एकदा जपानात पडली होती. साठच्या दशकात निसानची ‘60’ मालिका भारतीय लष्कराने पत्करली आणि जबलपूरच्या सरकारी कारखान्यात ती बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे तिला चिकटली. 1999 पर्यंत जोंगा निघत राहिली. अखेरच्या वर्षांत नागरिकांसाठी डिझेलची जोंगाही काढून पाहिली, पण ती फारशी रुजली नाही.

हा फरक नीट लक्षात घ्यावा. जीप शोरूममधून विकली गेली. जोंगा लष्कराच्या लिलावातून बाहेर आली.

आता डांबरावर येऊ. सीजे-3बीच्या मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर 5.38 आहे. टॉप गिअरमध्येही चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाला पाचाहून जास्त फेऱ्या माराव्या लागतात. सोळा इंची रिमवरच्या मूळ टायरवर ताशी 80 किलोमीटर गाठायचे तर इंजिन मिनिटाला सुमारे 3,200 फेरे घेते, आणि वर गिअर नाही, कारण पेटीत तीनच आहेत. शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. स्टिअरिंगमध्ये दोन-चार बोटांचा ‘प्ले’ असतो. गाडी सरळ ठेवायला हात सतत हलता राहतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की पहिले एक-दोन ब्रेक नुसतेच दाबले जातात. आंबोलीचा घाट उतरायच्या आधी हे माहीत असलेले बरे.

फोर-व्हीलचा दांडाही इथे कामाचा नाही. दोन्ही गाड्यांत पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात, मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही. मग स्टिअरिंग जड होते, टायर खरवडले जातात आणि गिअरपेटीवर पीळ बसतो. म्हणजे रस्त्यावर दोन्ही गाड्या टू-व्हीलमध्येच चालवायच्या.

मग जोंगाचे पारडे जड होते, निदान पहिल्या तासात. तिचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन 3,956 सीसीचे, ताकद 110 अश्वशक्तीच्या घरात. सीजे-3बीच्या विलीज इंजिनाची 75 होती. जोंगा रुंद आहे, रस्ता पकडून बसते, चढाला कुरकुरत नाही. महेंद्रसिंग धोनीने 2019 मध्ये एक घेतली, तेव्हापासून तिचा रुबाब आणखी वाढला. पण पंपावर गाठ पडते. लिटरला चार-पाच किलोमीटर हा अनुभव मालकमंडळीच सांगतात, म्हणूनच आज फिरणाऱ्या अनेक जोंगांत मूळ इंजिन उरलेलेच नाही. तिथे कुठल्या तरी ट्रकचे डिझेल बसलेले असते.

जीपने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. मुंबईच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-275 ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात तिच्यात उतरले. ते दणकट, आवाज करणारे आणि हळू. मग फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्याचे 2,112 सीसी डिझेल आले आणि ऐंशीच्या दशकातली एमएम-540 घडली. ताकद 62 अश्वशक्ती, गिअर चार. तिच्या मोठ्या भावंडांनी, कमांडरसारख्या गाड्यांनी, सातारा-सांगली-कोल्हापुरात वडापचा धंदा चालवला. बारा-पंधरा माणसे, टपावर बोचकी, मागे लटकलेला किन्नर. या वडापनेच गावोगाव जीपचे मिस्त्री तयार केले. कमान पाटा तुटला, क्लचप्लेट जळली, तर तालुक्याच्या स्टँडमागे माणूस सापडतो. भाग मुंबईत कुर्ल्याला मिळतात, नाहीतर हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवता येतात. जोंगाचा एखादा भाग हवा असला तर लष्करी भंगाराचा व्यापारी शोधायचा आणि त्याच्या मर्जीने थांबायचे.

निकाल सरळ आहे. गाडी म्हणून जोंगा रस्त्यावर उजवी, पण रस्त्यावर ठेवायला एमएम-540 सोपी. रोजच्या रोज चालवणार असाल तर एमएम-540 घ्या. टू-व्हीलची मिळाली तरी चालेल. घरी दुसरी गाडी आणि ओळखीचा खमक्या मिस्त्री असला, तरच जोंगाच्या वाटेला जा. दोन्हींत इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी, तेव्हा पैसे देण्याआधी ब्लॉक पुसून त्यावरचा क्रमांक स्वतः वाचा आणि आरसी पुस्तकाशी ताडून पाहा. लिलावाची गाडी असेल तर लष्कराचे विक्रीपत्रही मागा.

शिवाय जुनेपणाच्या मोहात पडून 50 वर्षांहून जुनी गाडी घेतलीत आणि 2021 च्या केंद्रीय नियमाखाली तिची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंद केलीत, तर ती रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला तो नियम परवानगी देत नाही.