मिस्टर बॅड गाय

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१) याचा पहिला एकल अल्बम. तो सीबीएस कंपनीने २९ एप्रिल १९८५ रोजी प्रसिद्ध केला. त्यात ११ गाणी असून सर्वांचे शब्द आणि चाली मर्क्युरीच्याच आहेत. क्वीनचे बाकीचे तिघे यात वादक म्हणून नाहीत. सातारा जिल्ह्याशी या अल्बमचे नाते गायकाच्या शाळेपुरते आहे. ते कौतुकाच्या भरात ताणले जाते, म्हणून जेवढे आहे तेवढेच येथे नोंदवले आहे.

मर्क्युरीचे मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच पडले. पियानोचे रीतसर शिक्षणही तिथलेच. चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या. रेडिओवर कानी पडलेले गाणे तो लगेच पियानोवर बसवून दाखवी, अशी आठवण शाळासोबती सांगत. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. पुढे पुण्यात हॉटेल चालवणारा फारंग इराणी आणि नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचलेला व्हिक्टरी राणा हे त्यातलेच. गंमत अशी की, मुख्य गायक ब्रूस मरे होता. फ्रेडी पियानोवर बसे आणि मागून साथीला गाई.

या पार्श्वभूमीमुळे अल्बममध्ये भारतीय सूर शोधणारे भेटतात. त्यांच्या हाती काही लागत नाही. मिरजेची सतार राहू द्या, साधी बाजाची पेटीही यात कुठे वाजत नाही. पाचगणीची शिदोरी असलीच तर ती पियानोची. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ आणि ‘मेड इन हेवन’ या गाण्यांवरचा सिंथेसायझरचा थर मनातल्या मनात बाजूला केला, तर पियानोवर बांधलेली चाल स्वच्छ दिसते.

ध्वनिमुद्रण म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झाले. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातला हा स्टुडिओ जॉर्जिओ मोरोडर याने उभारलेला. निर्मितीत राइनहोल्ड मॅक हा मर्क्युरीचा भागीदार होता. १९८३ मध्ये सुरू झालेले काम क्वीनच्या ‘द वर्क्स’ या अल्बममुळे रेंगाळत १९८५ पर्यंत चालले. कीबोर्डवर फ्रेड मँडेल, गिटारवर पॉल व्हिन्सेंट, बासवर स्टेफान विसनेट आणि ड्रम्सवर कुर्ट क्रेस असा संच होता. म्युनिकच्या डिस्कोचा ठेका पहिल्याच गाण्यापासून जाणवतो. रॉकच्या निष्ठावंत श्रोत्यांना तो रुचला नाही, यात नवल नाही.

शीर्षकगीत सर्वांत धाडसी आहे. क्वीनमध्ये ब्रायन मे गिटारचे थरावर थर चढवून ऑर्केस्ट्राचा आभास निर्माण करी. इथे तो नाही, म्हणून मर्क्युरीने खराच ऑर्केस्ट्रा बोलावला. त्याची रचना रायनर पिएत्श याची. व्हायोलिनांचा ताफा आणि पितळी वाद्यांचे फटकारे यांच्यावर गायक बेफिकीर शेखी मिरवत राहतो. याउलट ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ हे एकटेपणाचे गाणे नाचऱ्या ठेक्यावर बसवले आहे. मध्यावर शब्द सुटतात आणि तराण्यासारखे अर्थहीन बोल सुरू होतात. त्या चार-दोन ओळींत त्याच्या गळ्याची फिरत जितकी मोकळी ऐकू येते, तितकी उरलेल्या अल्बमभर क्वचितच. अर्पणपत्रिकेत मान जेरी या मांजराला, मग टॉम, ऑस्कर आणि टिफनी या मांजरांना व जगातल्या सगळ्या मांजरप्रेमींना; बाकीच्यांची तिथे शेलक्या शब्दांत बोळवण केली आहे.

ब्रिटनच्या विक्रीक्रमात अल्बम सहाव्या स्थानी पोचला, अमेरिकेत मात्र १५९ व्या स्थानीच थांबला. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ हे गाणे ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढची तिन्ही एकेरी गाणी पहिल्या चाळिसातही आली नाहीत. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनने बाजी मारली, पण त्या कार्यक्रमात या ताज्या अल्बममधले एकही गाणे नव्हते. अल्बमसाठी वेगळा दौराही मर्क्युरीने केला नाही. मॉन्सेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबरचा ‘बार्सिलोना’ (१९८८) हा त्याचा पुढचा अल्बम जास्त नावाजला गेला.

अल्बमला खरे यश मिळाले ते गायकाच्या मृत्यूनंतर आणि तेही दुसऱ्यांच्या हातून. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चे नवे नृत्यरूप १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, मूळ रूप १९८५ मध्ये पन्नासाव्या स्थानावर अडकले होते. ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ या दोन गाण्यांवर क्वीनच्या उरलेल्या तिघांनी नव्याने वादन करून ती १९९५ च्या ‘मेड इन हेवन’ अल्बममध्ये घेतली. ‘देअर मस्ट बी मोअर…’ हे गाणे मर्क्युरीने मायकल जॅक्सनबरोबरही गाऊन पाहिले होते. ते अर्धवट द्वंद्वगीत २०१४ मध्ये ‘क्वीन फॉरएव्हर’ या संकलनात बाहेर आले. २०१९ मध्ये ‘नेव्हर बोअरिंग’ या संचासाठी संपूर्ण अल्बमचे मूळ ध्वनिफितींवरून पुन्हा मिश्रण करण्यात आले. त्यात आवाज पुढे येतो. नव्या श्रोत्याने हीच आवृत्ती आधी ऐकावी.